बोडीखालची बांधी

पटवाऱ्याची मोजणीची जरीब कोरड्या शेतातून सरकत गेली तेव्हा उन्हात तिची कडी न् कडी लखलखत होती, आणि मला ती साखळी पाण्याखालून ओढली जात आहे असे वाटत राहिले. त्या जागी मी आजवर पाणीच पाहिले होते. पाणी, त्यात उलटे पडलेले आभाळ, आणि आभाळात पाय रोवून उभ्या असलेल्या बायका.

भाताच्या खाचराला आमच्याकडे बांधी म्हणतात, आणि लहान तळ्याला बोडी. बोडीचे पाणी आधी मोजणी चाललेल्या या बांधीत उतरे आणि मग आमच्या खालच्या चार बांध्यांत पसरे. मोजणी संपली. पटवाऱ्याने नकाशाची घडी घातली.

"ही तुमची नोहे जी. बाजूच्या बाईच्या नावची हाय."

बाबा हसले. "मंग इतके वर्स मी का लोकाच्या वावरात नांगर हाकून राह्यलो होतो?"

"तसंच दिसते जी."

बाजूची काकी आदल्या वर्षी विधवा झाली होती. लेक आणि जावई तिच्याकडे राहायला आले होते, आणि मोजणी जावयानेच मागितली होती. बांधी गेली तर पाण्याची वाट जाणार, आणि पाणी गेले तर आमचा खालचा सगळा धान जाणार, एवढे बाबांना तिथेच उभ्या उभ्या कळले.

मी तेव्हा नागपूरला विज्ञान शिकत होते आणि सुटीवर आले होते. चांद्याच्या वकिलांकडे बाबांनी मला सोबत नेले. वकील म्हणाले, बारा वर्षे सलग, उघडपणे आणि मालकाच्या हक्काविरुद्ध कब्जा असेल, तर मालकाचा हक्क संपतो. मला हे वाक्य फार आवडले. नुसत्या काळाच्या क्रियेने एका वस्तूची दुसरी वस्तू व्हावी, असे ते होते. "वकिलांसाठी माहितीचा कागद मी लिहिते," मी बाबांना म्हणाले.

तीन अटी, तीन रकाने. बोडीची पाळ फुटून मधला धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, वाहून गेला त्या वर्षी मी पहिलीत होते. बाबांनी नवा धुरा घातला तो बांधीच्या पलीकडून, आणि बांधी आमच्या बाजूला आली. आता मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते; बारा वर्षे केव्हाच भरली होती. सलगपणा सिद्ध. नव्या धुऱ्यावर आई दरवर्षी तूर लावी, ती साऱ्या गावाला दिसे. उघडपणा सिद्ध. तिसऱ्या रकान्यासाठी मी आईकडे गेले. ती अंगणात वाळलेली मोहफुले निवडत होती.

"आई, काकीनं कधी हरकत घेतली का?"

"हरकत काऊन घेईल? तिनंच त देल्ली."

मी लेखणी खाली ठेवली.

"धुरा वाहून गेला तवा मले म्हने, बाई, तुमच्या खालच्या बांध्याइले पानी पोचत नाई, त हे बांधी तुमीच वाहा. म्हनून त तिथली पयली पेंडी तिच्या हातची असे."

"बाबाले मालूम हाय?"

"त्याइनं कधी इचारलं?"

रोवणीला प्रत्येक बांधीत रोपांची पहिली पेंडी मालकिणीने लावायची, हा आमच्याकडचा रिवाज. बाकी साऱ्या बांध्यांत ती आई लावी. या एका बांधीत काकी पुढे होई, लुगडे गुडघ्यावर खोची, वाके, आणि तिचा हात हिरव्या पेंडीसकट आभाळात बुडे. आभाळ हले, पुन्हा जुळे. मी धुऱ्यावर पेंगत बसलेली असे. तिचा हात शुभ असेल, इतकाच मी अर्थ लावला होता. आता एकेक वर्ष सुटे करू पाहिले, पण ते जमेना. सगळ्या रोवण्या एकाच लांबच लांब दुपारी झाल्यासारख्या वाटत. साल सांगता येत नव्हते. काकीचा हात मात्र प्रत्येक खेपेला होता.

तिसऱ्या रकान्यात मी लिहिले: कब्जा मालकाच्या संमतीने.

बाबांनी कागद दोनदा वाचला. "हे कायले लिवलं?"

"तसं घडलं म्हनून."

"या एका वळीनं सारा दावा जाते, मालूम हाय ना? तू जाशीन नागपूरले. मी का डोळ्यातलं पानी सोडू बांधीत?"

"बाबा, काकी समोर बसून असताना तुमी कोर्टात म्हनसान का, तिच्या मनाविरुद्ध घेतली म्हनून?"

बाबांनी कागदाची घडी घातली. आत आईच्या हातातले सूप थांबले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काकीच्या अंगणात गेले. मी मागे होते. ती मासोळ्या साफ करत होती, जावई खाटेवर बसला होता.

"वहिनी, बांधी तुमची हाय. तुमी देल्ली होती, हे मले मालूम नव्हतं."

"घ्या!" काकी म्हणाली. "मले वाटे, मालूम असूनच भाऊ एकदाबी गोड बोलत नाई."

बाबा ओशाळले. "आन् पानी?"

"पानी उतरीन की. ते का मी गाडग्यात भरून ठेवू?"

"आधी आमची बांधी भरन, मंग सोडू," जावई म्हणाला. काकीने त्याच्याकडे पाहिले, पण त्याचे म्हणणे खोडले नाही. बाबांनी मान डोलावली.

त्या पावसाळ्यात आमच्या शेवटच्या बांधीत पाणी पोचले नाही. नागपूरला बाबांचे पत्र आले. त्या कागदापासून ते माझ्याशी कामापुरतेच बोलत होते, आणि पत्रही तसेच होते. पाणी न मिळता धान किती दिवस उभा राहतो, तुझ्या पुस्तकात असेल तर कळव, एवढेच त्यात विचारले होते. मी ग्रंथालयात दोन तास बसले, आमच्या मातीला लागू पडेल असे फारसे सापडले नाही, आणि जेवढे सापडले तेवढे त्याच दिवशी बाबांना लिहून टाकले.