कमळाचा दगड कोणी बसवला?

असे गूढ अनुभव वाचताना मी नेहमी मनातल्या मनात एखादं सोपं कारण शोधून मोकळी होते. या एका बाबतीत मात्र ते अजून सापडलेलं नाही... म्हणून लिहितेय.

आमचं गाव केळापूरजवळ. गावाबाहेर महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे – काळा दगड, चुना कुठेच नाही, दगडाला दगड खाचेत अडकवलेला. गाभाऱ्याच्या छताला कोपऱ्यांत तिरके दगड, त्यांच्यावर पुन्हा तिरके, असं तोंड लहान होत जातं आणि शेवटी एकच दगड ते बंद करतो. त्याच्या खालच्या अंगाला कमळ कोरलंय.

कापसाला भाव नव्हता, ती वाईट वर्षं. त्यात पिंपळाच्या मुळीनं छत उचललं आणि पाणी थेट पिंडीवर गळायला लागलं. छत काढून सिमेंटचा स्लॅब टाकायचं गावच्या बैठकीत ठरत होतं. मी नुकतीच इतिहास घेऊन बी.ए. झाले होते, घरातली पहिलीच. कॉलेजच्या सरांनी स्वतःची पुस्तकं वाचायला दिली म्हणून मला या देवळाची किंमत कळली. मी म्हटलं, दगडांवर खुणा करून उतरवा, मूळ काढा, तसेच परत चढवा. लोक हसले. तेव्हा बाबा उठले.

"माही पोरगी सांगते तसं होते. नाही झालं तं स्लॅबचं पहिलं घमेलं मी टाकतो."

दगड परत चढायला लागेपर्यंत कापूस फुटला. आमच्याकडे सीतादहीला, म्हणजे पहिल्या वेच्याला, जो कापूस निघतो त्याची वात आधी देवळात लागते, मग गावाचा वेचा सुरू होतो. आणि देवाच्या डोक्यावर छत नसताना वात लावायची कशी? बोंडं फुटून लोंबत होती, आभाळ भरून येत होतं, बाया टोपल्या घेऊन खोळंबल्या होत्या. त्या दिवशी छत बंद झालं नाही तर स्लॅब, असं ठरलं. सिमेंटची पोती पायरीशीच होती.

सगळे दगड बसले. कमळाचा बसेना. खाचेपेक्षा दोन बोटं मोठा! मी टेप लावला, मुकादम शंकरकाकांनी सुतळी धरली, दगड फिरवूनही पाहिला... माप तेच. काका म्हणाले, छिन्नीनं कड उतरवतो. बाबांनी हात जोडून नाही म्हटलं.

दुपारी माणसं जेवायला गेली. दगड वर चेनपुलीला टांगलेलाच होता. थोडा वेळ मी छतावर एकटी होते, मग पाणी प्यायला विहिरीवर गेले. परत आले तेव्हा काका वर एकटे बसलेले. माणसं आल्यावर ते म्हणाले, पाहू एकदा. साखळी सोडली... आणि डब्यावर झाकण बसावं तसा दगड खाचेत गेला. फटीत पोस्टकार्ड शिरलं नसतं.

बायांनी वात लावली आणि त्याच पावली शेतात गेल्या. बाबा मात्र पायरीवर बसून रडले.

मला वाटायचं, काकांनीच गुपचूप कड घासली असणार. बाबांचा मान राहिला म्हणून मी कधी विचारलं नाही.

परवा वणीला एका लग्नात काका भेटले. पंगतीत शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "पोरी, आता तं सांग. तूच घासला न तो दगड?"

मी म्हटलं, "काका, मी तर इतकी वर्षं तुमचंच नाव धरून बसलेय."

त्यांचा हात ताटातच थांबला. "मंग तुया बाप असन," म्हणाले. पण बाबा तर त्या दिवशी सकाळपासून खालीच, लोकांत बसलेले.

दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून देवळावर चढले. दगडाची कड चारी बाजूंनी जुनी, काळी, शेवाळ धरलेली. छिन्नीचा ओरखडासुद्धा नाही, ना दगडावर ना खाचेच्या कडेला. टेप लावला. दगड त्या दिवशी भरला होता तेवढाच भरला.

खाली उतरून गाभाऱ्यात उभी राहिले. वर कमळ नीट बसलेलं... आणि आता कोणावर संशय घ्यायचा, तेच मला कळेना.