कीड न लागणारं कपाट

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला, जिथं प्रेक्षकांना मज्जाव होता, तिथं पक्ष्यांची खोली होती आणि त्या खोलीवर तितरताईचं राज्य होतं. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं. जमिनीवर दाणे टिपणारे, कधीकाळी शिकाऱ्यांच्या बंदुकीला बळी पडलेले पक्षी तिच्या ताब्यात होते. तितर, लावे, रानकोंबड्या, सगळे पोटात कापूस भरून खणांमध्ये उताणे निजवलेले. त्यांना झाडायचं, मापायचं, पायाला चिठ्ठी बांधायची. दोऱ्याचं एक टोक दातात धरून ती झटक्यात गाठ मारायची. ही हातोटी तिला आधीच्या राखणदारानं, सगळे ज्यांना मामा म्हणत त्यांनी, शिकवली होती.

बदकांच्या, लाव्यांच्या, कोंबड्यांच्या कपाटांना कसर लागायची. घुबडांची तर पार चाळण झाली होती. तितरांच्या कपाटाला मात्र कधी काही शिवलं नाही.

"माझ्या तितरांकडे वाकड्या नजरेनं बघायची किड्यांची छाती नाही," ती ऐटीत सांगायची. खणांच्या कोपऱ्यात बारीक किडे मरून पडलेले असत. ती ते ब्रशनं गोळा करी आणि खिडकीबाहेर उडवून देई.

मग जीवाश्मांवर काम करणाऱ्या एक विदुषी तिथं रुजू झाल्या. आल्या दिवशीच सगळ्यांनी त्यांना हाडवाल्या बाई करून टाकलं. बाईंनी तितरांचा अख्खा खण टेबलावर मांडला.

"इतकी वर्षं आपण यांना एकाच घरात नांदवलं, ताई. अंगावर ठिपके, पायामागे काटा, म्हणून. पण जनुकं तपासली तर यातले काही कोंबड्यांचे भाऊबंद निघतात आणि काही लाव्यांचे."

"म्हणजे सख्खे समजत होतो ते नुसते शेजारी?"

"अगदी. जमीन उकरून खायचं म्हटलं की अंगही त्याच घडणीचं होत जातं."

बाईंनी तिला एक दगड दाखवला. त्यात काडेपेटीतल्या काडीएवढं पायाचं हाड रुतलं होतं. माणसाचा मागमूसही नव्हता तेव्हाचं. त्याच्याही आधी कधीतरी आकाशातून दगड कोसळला, रानंच्या रानं जळाली आणि झाडांच्या आसऱ्यानं जगणारे पक्षी संपले, असं बाई सांगत होत्या. खाली राखेत बिया शोधणारे काही तगले असावेत. "पण दगडात अख्खा पक्षी क्वचितच मिळतो. असं तुटकं हाडच हाती लागतं. ते कुणाचं, हे ठरवायला तुमचे हे जुने पक्षी हवेत."

तितरताई कामाला भिडली. तबकं भरभरून तिनं काही तितर कोंबड्यांच्या कपाटात हलवले, काही लाव्यांच्या. पिसांतून पांढुरकी पूड सांडायची, ती हातानंच पुसून घ्यायची. एक देखणा तितर तिनं पुढच्या दालनातल्या मुलांच्या टेबलावर ठेवला. शाळेच्या सहलीतल्या पोरांनी हात लावून बघावं, म्हणून.

हिवाळा सरता सरता लाव्यांच्या कपाटातली कीड मेली. मागोमाग कोंबड्यांच्याही.

"पायगुण आहे माझ्या तितरांचा!" ती हसून म्हणाली.

घरी तिला जेवण जाईना. तोंडाला लोखंडाची चव यायची, पायांना मुंग्या यायच्या, तळहातांवर बारीक घट्टे उठले होते. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. एका संध्याकाळी त्यानं चहाचा कप देताना तिचा हात धरला आणि डोळ्याला भिंग लावलं.

"आता काय माझे काटे फिरवताय?"

तो हसला नाही. "नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा आहेत. सगळ्याच बोटांवर. कधीपासून?"

तिनं हात उलटा करून तळव्याकडे पाहिलं. मामांचे तळहात असेच खरखरीत होते. कष्टाचे हात म्हणून सगळे कौतुक करायचे. पुढे मामांना चालता येईना आणि पोटाच्या दुखण्यानं ते गेले.

डॉक्टरांनी केस आणि लघवी तपासायला पाठवली. निकाल आल्यावर त्यांनी तिचं काम काय ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "सोमल आहे अंगात, म्हणजे आर्सेनिक. पूर्वी कातड्याला किडे लागू नयेत म्हणून सोमल चोळायचे. तुम्ही तो इतकी वर्षं हातानं चिवडताय, आणि दोऱ्याबरोबर तोंडातही घालताय."

नवरा काहीतरी विचारत होता. ती एकेक कपाट आठवत होती, आणि मग पुढचं दालन.

ती तशीच रिक्षानं संग्रहालयात गेली. टेबलाभोवती कुणी नव्हतं. तितराच्या पाठीवरची पिसं कुरवाळून कुरवाळून झिजली होती, मधे टक्कल पडलं होतं. तिनं अंगावरची ओढणी काढून त्याला गुंडाळलं आणि तिथंच खाली बसली.

संग्रहालयानं शाळांना कळवलं. मोजक्या शाळांनी मुलं तपासून घेतली, त्यांत काही सापडलं नाही. घटकाभर हात लावल्यानं सहसा बाधत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाकीच्या मुलांचं काय, ते कुणीच सांगू शकलं नाही. तिन्ही कपाटं प्लास्टिकनं बंद झाली. बाईंची वर्गवारी अर्धवट राहिली. त्यांनाही तपासायला पाठवलं होतं, निकालाबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

तितरताईला दगडांच्या खोलीत काम मिळालं. बोटांची जाणीव पुरती परत आली नाही, म्हणून हाड किती नाजूक आहे हे ती आता गालाला लावून बघते. दालनातून मुलांचा गलका ऐकू आला की ती हातातलं काम खाली ठेवते आणि त्यातलं कुणी पोट दुखतंय म्हणतंय का, ते ऐकत राहते.