उजव्या पायाचा गिअर

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात आमच्या थोरल्या साडूंइतका एकनिष्ठ माणूस शोधून सापडायचा नाही. ही निष्ठा माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या वाट्याला आली असती तर मीही त्यांच्या पाया पडलो असतो. ती गेली एका विलायती मोटारसायकलच्या वाट्याला. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकदा मी ते बोलताना चुकवलं, तर साडूंनी दोन दिवाळ्या आमच्याकडचा फराळ तोंडात घातला नव्हता. इंग्रजांच्या काळात जिनिंग फॅक्टरीच्या गोऱ्या मॅनेजरने ती बोटीने मागवली आणि देश सोडताना फॅक्टरीच्या फिटरला देऊन टाकली, आणि तो फिटर म्हणजे साडूंचे वडील, अशी कथा आहे. गोऱ्या साहेबाने कोणाला काही फुकट दिलं यावर माझा विश्वास नाही, पण साडूंच्या गावात, आर्णीत, सगळ्यांचा आहे, म्हणून मी गप्प बसतो.

या बाईसाहेबांचे नखरे सांभाळणं हा साडूंचा खरा व्यवसाय. कृषी केंद्राचं दुकान त्यांनी केवळ लोकलाजेस्तव चालवलं. तिचे नटबोल्ट इंची मापाचे, बाजारातला एकही पाना त्यांना बसत नाही, म्हणून वडिलांनी ठेवलेले पाने लोखंडी कपाटाच्या तिजोरीत कुलूपबंद असत आणि ताईच्या पाटल्या तुरीच्या डाळीच्या डब्यात. इंजिनातून तेल ठिबकायचं, त्याच्याखाली ताईची पुरणाची परात कायमची बसली. एकदा इंजिनाच्या जोडातलं गॅस्केट फाटलं तेव्हा नेमक्या जाडीचा पुठ्ठा गावात मिळेना. साडूंनी स्वतःच्या लग्नाच्या अल्बमचं कव्हर कापून गॅस्केट बनवलं आणि ते सहा वर्षं टिकलं, हे ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत. ताई तेव्हा चहा आणायला आत जायची. बूट ते फक्त गाडीला किक मारताना घालत, पोरीच्या लग्नात मात्र चपलांवर उभे होते. मी माझ्या साध्या गाडीवरून त्यांच्याकडे गेलो की तिच्याकडे दयेने बघत म्हणायचे, "गुरुजी, तुमची गाडी नुसती चालते. माही बोलते."

आणि खोटं कशाला सांगू, ती बोलायची. सुरू झाली की दुकानासमोरचा चहावाला गाळणी हातात धरून थांबायचा, एसटीची वाट बघणारी माणसं एसटी सोडून तिच्याकडे बघायची. नागपूर-पुण्याहून लोक तिचे फोटो काढायला यायचे, तिच्या टाकीवर हात ठेवून हळवे व्हायचे. ज्यांना आपल्या आजोबांचं नाव धड आठवत नसेल असे लोक तिच्या कार्बोरेटरचं कूळ सांगायचे. त्या जुन्या लोखंडात काय आहे ते मला आजही कळत नाही. मला एवढंच कळतं की त्या पाहुण्यांसाठी चाळीस वर्षं पोळ्या ताईने लाटल्या, आणि तिला कोणी कधी विचारलं नाही की बाई, तुला ही गाडी आवडते का. मीही नाही विचारलं.

चैत्रातल्या एका दुपारी ताईच्या पोटात कळा उठल्या. पित्ताशयातले खडे होते, पण ते नंतर कळलं. यवतमाळला न्यायला हवं होतं. कोणी रिक्षा सांगतो म्हणालं, कोणी जीप. साडू म्हणाले, पाच मिनिटं थांबा. बूट घातले आणि किक मारायला लागले. प्लग काढून पुसला, परत किका मारल्या, गाडी काही सुरू होईना. ताई ओट्यावर पोट धरून बसली होती. अर्ध्या तासाने शेजाऱ्याने, बहुधा लाजेने, आपली नवी मोटारसायकल आणून उभी केली, आणि साडू ताईला मागे बसवून निघाले. आता विलायती गाडीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. आपल्याकडच्या गाड्यांचं नेमकं उलटं. साडूंनी जन्मात दुसरी गाडी चालवली नव्हती, पाय बाटतो म्हणायचे. पुलाच्या अलीकडे बैलगाडी आडवी आली. चाळीस वर्षांच्या सवयीने डावा पाय ब्रेक म्हणून गिअरवर पडला. साडूंना खरचटलं. ताईचं खुब्याचं हाड मोडलं. खडे निघाले, खुबा मात्र नीट जुळला नाही. तेव्हापासून ती वॉकर धरून चालते, ओटा उतरायचा तर कोणीतरी हात द्यावा लागतो.

मी त्यांना माफ केलं नाही, आणि ते त्यांना कळावं अशी व्यवस्थाही केली. दोन वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली ती गाडी विकाच, असं मी प्रत्येक भेटीत सुनवायचो. शेवटी ते हो म्हणाले. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने नागपूरचं गिऱ्हाईक आणलं. भला माणूस होता. पण म्हणाला, एकदा सुरू झालेली ऐकायची आहे, नाहीतर नुसतं लोखंड कशाला नेऊ. गाडी साडूंनी आदल्या दिवशीच साफ करून, नवं पेट्रोल भरून ठेवली होती. त्यांनी बूट घातले. आठ-दहा किका मारल्या. काही नाही. "म्हातारी झाली," ते म्हणाले, "आता नाई व्हत." गिऱ्हाइकाचा चेहरा पडला. माझा त्याहून पडला.

तेवढ्यात दारातून ताईचा आवाज आला. वॉकर धरून ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"पेट्रोलचा कॉक बंद हाये," ती म्हणाली. "सकाळी तुम्हीच बंद केला. मी खिडकीतून पाहून राह्यली होती."

साडूंनी आमच्याकडे पाहिलं नाही. वाकून कॉक उघडला, क्षणभर थांबले आणि किक मारली. एकाच किकमध्ये सुरू झाली. जात्याच्या घरघरीसारखा तो भरदार, सावकाश आवाज अंगणात भरून राहिला. नागपूरच्या माणसाने डोळे मिटून घेतले. ताई ते सगळं नीट ऐकत उभी होती.

"त्या दिवशी नाई झाली," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तरी आम्हा तिघांनाही ऐकू गेलं.

साडूंनी इंजिन बंद केलं. कागदांवर सही केली, तिजोरीतले पाने आणून दिले, आणि टेम्पोत गाडी चढवताना मागून स्वतः खांदा लावला.

मी जिंकलो होतो. त्या रात्री माझ्याच्याने जेवण झालं नाही. बायको म्हणाली, आता का तोंड पाडून बसलात, तुमच्या मनासारखं झालं ना.

अजूनही महिन्यातून एकदा मी आर्णीला जातो. साडू आता माझ्याशी पावसापाण्याचं बोलतात, कापसाचा भाव विचारतात, डायबेटिसला मेथी चांगली असं सांगतात. हाताला वंगणाचा वास नाही, नखं स्वच्छ आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ ताईला हात देऊन अंगणात फिरवतात, तिच्या पावलाशी पाऊल जुळवून. चाळीस वर्षं मला ते असेच चारचौघांसारखे व्हायला हवे होते. परवा त्यांना तसं फिरताना बघून मला माझ्या त्या वेड्या साडूंची इतकी आठवण आली, की पाणी प्यायचं निमित्त करून मी आत जाऊन बसलो.