दादांचा धावतानाचा फोटो

कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर ती बायकांच्या पिशव्या तपासायची. कामाची पाळी सुटली की रांग लागे, आणि बटणांची पुडी डब्यात लपवली आहे की लेसची गुंडाळी ओढणीत, हे तिला रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या चालण्यावरूनच कळे. कारखान्यात तिला एक्स-रे बाई म्हणत. या नावाचा राग येण्याऐवजी तिला थोडी ऐटच वाटायची. पंचाईत एवढीच होती, की पाळी संपली तरी एक्स-रे बंद व्हायचा नाही.

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. मवाळ, कमी बोलणारा. कुठे होतात, कोण होतं, मग एवढा वेळ कशाला लागला, हे प्रश्न दाराची कडी काढायच्या आधीच तिच्या तोंडात तयार असत. तो चपला काढता काढता उत्तरं द्यायचा. कधी चिडला नाही. आणि न चिडणाऱ्या माणसाचा तर तिला जास्तच संशय यायचा.

असा हा माणूस एके दिवशी झोपेतच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. तेव्हा मात्र तिने कोणाला एक प्रश्न विचारला नाही.

दोनेक महिन्यांनी त्याच्या धावण्याच्या क्लबमधली दोन माणसं घरी आली. कित्येक वर्षं तो रोज पहाटे या क्लबबरोबर मैदानावर धावायला जात असे. आलेल्यांपैकी एक दातांचे डॉक्टर होते, त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. दुसऱ्या एक उंच शिक्षिका.

"वहिनी, यंदाची मॅरेथॉन आम्ही सगळे दादांच्या आठवणीत धावणार आहोत," कॅप्टन म्हणाले. "अख्खी. शर्टावर दादांचा फोटो छापायचाय. त्यांचा धावतानाचा एखादा असेल का? तरुणपणचा असला तरी चालेल."

"धावायचे तुमच्याबरोबर," ती म्हणाली, "आणि फोटो माझ्याकडे मागता?"

कॅप्टननी बाईंकडे पाहिलं, बाईंनी कपातल्या चहाकडे. "नाही, म्हणजे, सगळ्यांचे फोटो दादाच काढायचे ना," बाई म्हणाल्या, "म्हणून त्यांचाच राहिला."

उत्तर चोख होतं, पण जरा उशिरा आलं होतं. फाटकावर असं उशिराचं उत्तर ऐकलं की ती अख्खी पिशवी टेबलावर ओतायला लावायची. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "बघते," म्हणून तिने दोघांना वाटेला लावलं.

दार लावलं आणि आधी त्याचे धावायचे बूट काढले. उलटे करून उजेडात धरले. टाचा जवळजवळ नव्या! मग त्याचे बनियन आठवले. इतकी वर्षं तिने ते स्वतःच्या हातांनी धुतले होते आणि त्यांना घामाचा वास असा कधी नव्हताच. फाटकावरून एक रीळ सुटू न देणाऱ्या बाईच्या घरातून अख्खा नवरा रोज पहाटे उजळ माथ्याने बाहेर जात होता, आणि कुठे जात होता ते तिला ठाऊक नव्हतं.

तिने थोरल्या नणंदेला फोन लावला.

"अगं, माणूस गेला," नणंद म्हणाली. "आता तरी त्याची झडती थांबव."

"थांबवते हो ताई. पण कोणाकडे जात होते ते कळल्याशिवाय रडू कशी?"

हे तिने अगदी मनातलं सांगितलं होतं. तो गेल्यापासून तिला धड रडता आलं नव्हतं, आणि आता तर रडायचं ते आपल्या माणसासाठी की दुसरीच्या, हाच प्रश्न पडला होता. दुसरी कोण, हेही तिने ठरवून टाकलं. उंच बाईंनी चहा बिनसाखरेचा मागितला होता. नवऱ्यानेही मधे साखर सोडली होती. तिला एवढं पुरे होतं.

फोटो तिने दिलाच नाही. मॅरेथॉनच्या दिवशी मात्र कोणाला न सांगता मैदानावर जाऊन थडकली. कोणी गुडघ्यांना मलम चोळत होतं, कोणी छातीवर नंबर टाचत होतं. एका बाकाभोवती पिवळ्या शर्टांतली क्लबची मंडळी तिच्याकडे पाठ करून उभी होती, आणि प्रत्येकाच्या पाठीवर तिचा नवरा होता.

तो याच बाकावर बसलेला होता. मांडीवर बॅगा, खांद्यावर बॅगा, पायाशी बॅगा, बोटांत किल्ल्यांचे जुडगे. आणि हसत होता. दाढा दिसेपर्यंत हसत होता. हे हसू तिने घरात कधी पाहिलं नव्हतं.

"हे काय?" ती म्हणाली.

उंच बाई दचकून वळल्या. "वहिनी! अहो, तुम्ही येणार हे माहीत असतं तर..."

"तर दुसरा शर्ट घातला असतात?"

बाईंनी एकदा कॅप्टनकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. "आता लपवून काय करू?" बाई म्हणाल्या. "दादा धावत नव्हते. पहिल्याच वर्षी गुडघा गेला. पण यायचे मात्र रोज. आम्ही धावून परत येईपर्यंत सगळ्यांच्या बॅगा सांभाळत इथे बसायचे."

"कोणाबरोबर?"

प्रश्न तिच्या तोंडून आपोआप निघाला. बाईंना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले.

"एकटेच," त्या म्हणाल्या. "आम्ही कितीदा म्हटलं, दादा, घरी सांगून टाका. तर म्हणायचे, धावतो म्हटलं की ती किती धावलात एवढंच विचारते. बसतो म्हटलं तर विचारेल, कोणाबरोबर. एकटाच बसतो म्हटलं, तर ते तिला खरं वाटणार नाही." बाईंनी नाक पुसलं. "म्हणून धावतानाचा फोटो शोधत होतो. त्यांचं तेवढं एक खोटं आम्हाला निभावून न्यायचं होतं."

भोंग्यावरून सगळ्यांना रांगेत यायला सांगत होते. कॅप्टन हातात बॅग धरून अवघडल्यासारखे उभे होते.

"द्या इकडे," ती म्हणाली आणि बाकावर बसली. एकेकाने येऊन बॅगा तिच्याजवळ ठेवल्या. कोणी कुलूप लावलं नाही, आत काय आहे ते सांगितलं नाही.

पिवळे शर्ट निघाले. प्रत्येक पाठीवरून तो तिच्याकडे तोंड करून हसत होता आणि लांब लांब जात होता. आज खरोखरच धावत होता तो.

तिला आधी रागच आला. "अहो, एकदा सांगून तर बघायचं होतंत," ती पुटपुटली. "आले असते की मी." आली असतीच. दुसऱ्याच दिवशी आली असती आणि त्या पलीकडच्या झाडाआड उभी राहून बघत बसली असती, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तासभर निवांत बसता यावं म्हणून या माणसाला इतकी वर्षं खोटं बोलावं लागलं होतं. माणूस तिचाच होता. तिला घाबरून होता, एवढंच.

आता रडायला कसलीच आडकाठी नव्हती. कोणाची तरी बॅग छातीशी धरून ती पोटभर रडली.