फुसेनाबाईंचं चोपलेलं अंगण

टामाले शहर मागे पडलं आणि उत्तर घानातला तांबडा रस्ता सुरू झाला. दोन्ही बाजूंना कणसं खुडलेली ज्वारी, धाटं पुरुषभर उंच. मधूनच गवताने शाकारलेली गोल मातीची घरं दिसायची, तेव्हा आपण गावी, लोहाऱ्यात नाही याची खात्री पटायची.

मी बातमीदार, इथल्या गावांवर लिहायला आलो होतो. गाडी बसवराज चालवत होता. तो आमच्याकडच्याच मुरुम गावचा. इथे काही वर्षांपासून बोअर पाडतो आणि दागबानी (इथली बोली) कामापुरती बोलतो.

"अण्णा, आधी फुसेनाबाईंकडं जाऊ. उद्या नातवाचं बारसं हाय. अंगण चोपायलेत."

इथली अंगणं बायका मिळून करतात. मुरमाड माती पसरून भिजवतात, ओळीने वाकून लाकडी चोपण्यांनी बडवतात. शेवटी दावादावाच्या (शेंगांचं एक झाड) टरफलांचा काढा ओततात. मग भुई दगडासारखी होते. चुकलेलं तसंच राहतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा बायका सावलीत पाणी पीत होत्या. "देसबा" (सकाळचा नमस्कार) म्हणत मी घरच्या सवयीने चपला काढल्या आणि सरळ अंगणातून फुसेनाबाईंकडे निघालो. सहा पावलं गेलो. वरून कोरडी दिसणारी भुई आत ओली होती.

बायका माझ्या उमटलेल्या पावलांकडे बघू लागल्या. साठीच्या फुसेनाबाई काहीतरी म्हणाल्या आणि सगळ्या खदखदून हसल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, पाव्हणा लई सभ्य हाय. चपला काढून नासाडी केली."

"मी मागे फिरतो."

"न्हाय न्हाय, हलू नका! आनखी सहा उमटवता व्हय?"

ऊन चढत होतं. माती आवळली की ठसे निघणार नव्हते, आणि बारशाला गावातले वडीलधारे इथेच बसणार होते. एकीने पाणी शिंपडलं. फुसेनाबाईंनी माझ्या हाती चोपणं दिलं. बायकांनी गाणं धरलं. माझा फटका दर वेळी तालाच्या मागून पडे.

"कंबर वाकवा अण्णा, बातमी लिहिताय व्हय?" बसवराज कडेला उभा राहून म्हणाला. त्यालाही चोपणं मिळालं.

फुसेनाबाई तळहाताने भुई तपासत आल्या. एका जागी थांबल्या. अंगठ्याचा खळगा राहिला होता. तेवढा भाग पुन्हा भिजवला, पुन्हा बडवला. काढा ओतला तेव्हा दुपार झाली होती. मग टीझेड (पिठाचा शिजवलेला मऊ गोळा) आणि पालेभाजीचं कालवण जेवलो.

दुसऱ्या दिवशी त्याच अंगणात चटया पडल्या. बाळाचं नाव ठेवलं गेलं. फुसेनाबाईंनी मला बोलावून बसवराजकरवी विचारलं, "कुठून चालला होता, दाखवा बरं?"

मी दोनदा वाकून पाहिलं. दाखवता आलं नाही. त्या समाधानाने हसल्या.

लोहाऱ्याला परतलो तरी कंबर दुखत होती. त्या अंगणात मी येऊन गेल्याची एकही खूण नाही. इतकं चोख काम बऱ्याच दिवसांत हातून झालं नव्हतं.