तळव्याला चोळलेलं तेल

माझी सून रोज सकाळी नाष्ट्याबरोबर माशाच्या तेलाची कॅप्सूल गिळते. पिवळी, गुळगुळीत, ना वास ना चव. हृदयाला चांगली असते म्हणे, केसांनाही. "तुम्हीपण घ्या ना, आई," असं ती अधूनमधून म्हणते आणि मी नको म्हणते. तिला वाटतं, माळकऱ्याची लेक म्हणून सोवळं पाळते. मी कसलं सोवळं पाळतेय! अंडी खाते, अजून तरी माझ्यावर आभाळ कोसळलेलं नाही. पण त्या तेलाचा खरा वास मला माहीत आहे. एके काळी तो माझ्या पायांना यायचा.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं गाव नेवासा तालुक्यातलं, पण नदीपासून लांब. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. मी सात वर्षांची. खायला अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी. गुरं छावणीत गेलेली, त्यामुळे दूध नाही. हिरव्या भाजीचं पान पाहून तर महिने झाले होते.

दिवस मावळला की मला दिसेनासं व्हायचं. चुलीतला जाळ तेवढा कळायचा, बाकी सगळा अंधार. सगळ्यांनाच असं होत असेल असं वाटून मी कुणाला बोलले नाही. एका संध्याकाळी माझ्या पायानं पाण्याची भरलेली कळशी लवंडली. त्या दिवसांत दूध सांडलं असतं तर चाललं असतं. आईनं फाडकन थोबाडीत दिली. मी रडत तिला बिलगायला गेले आणि भलतीकडेच हात पसरले. तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि मग तीच रडायला लागली.

दोघांनी खाडा करून मला नेवाशाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पापण्या उलटून पाहिल्या. पालेभाजी, दूध, अंडी द्या म्हणाले, आणि म्हणता म्हणता स्वतःच गप्प झाले. मग घरून नेलेल्या बाटलीत तेल भरून दिलं. "रोज एक चमचा. हयगय केलीत तर पोरीचे डोळे जातील. वास मारतं, माशाचं तेल आहे ते."

माशाचं म्हटल्यावर दादांचा चेहराच उतरला. आई आणि दादा, दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ होती. माळ घातली की मांसमच्छी वर्ज्य, घरातसुद्धा यायची नाही. गावात तंटा झाला की लोक दादांच्या माळेला हात लावून खरंखोटं करायचे. सरकारी साक्षीला नसेल एवढी किंमत त्या माळेला होती.

दवाखान्याच्या पायरीवरच दोघांचं सुरू झालं.

"आवो, दवाच हाय ती," आई म्हणाली.

"दवा हाय, पर पोटात जानार. आपल्या घरात, आपल्या ताटात." दादांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. मग एकदम त्यांचं तोंड उजळलं. "तळव्याला चोळू की! डोळ्यातली उष्णता पायातनंच निघती. डोळ्याचंच औशद हाय, पोचंल डोळ्याला."

आईला ते पटलं. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं. डोळे उष्णतेनं जळजळले की काशाच्या वाटीनं तळवे घासायचे, हे आमच्याकडे घरोघरी चालायचं. फक्त तिथं तूप नाहीतर खोबरेल असायचं, इथं हे तेल आलं.

दादा दिवसभर खडी फोडून यायचे. हाताला फोड आलेले. तरी हातपाय धुतले की मला पुढ्यात बसवायचे, तळव्यावर चमचाभर तेल ओतायचे आणि वाटीनं घासत राहायचे. एक दिवस चुकला नाही. काशामुळे तळवे काळे पडायचे. शेजारणी बघायला येऊन म्हणायच्या, लई उष्णता निघतीया पोरीची. दादा खूश व्हायचे. मी झोपले की एक मांजर येऊन माझे पाय चाटायचं. त्या तेलाचा जो काही फायदा झाला तो त्या मांजराला झाला.

बाटली संपत आली तेव्हा माझा डावा डोळा लाल झाला. आधी खुपायचा, मग ठणकायला लागला, मग बुबुळावर पांढरं दिसू लागलं. पुन्हा नेवासा.

"तेल दिलं नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिलं की. रोज दिलं. सारी बाटली संपली," दादा अभिमानानं म्हणाले. "म्या सोता चोळलं. तळव्याला."

डॉक्टर ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डावा गेला. उजवा राहतो का, ते बघू." मग त्यांनी टेबलावर तेलाची बाटली ठेवली, चमचा ठेवला आणि दादांकडे पाहिलं.

दादांचा हात पुढे झाला, पण बाटलीपर्यंत गेला नाही. आईनं गळ्यातली माळ काढली, त्यांच्या हातात दिली. "ही धरा," म्हणाली. मग माझं नाक दाबून चमचा तोंडात रिकामा केला.

उजवा डोळा वाचला. डाव्यात कायमचं फूल पडलं.

आईची माळ दादांनी देव्हाऱ्यात ठेवली. दर एकादशीला ते म्हणायचे, "आता घाल की." आई चूल सारवता सारवता उत्तर द्यायची, "तिचा डोळा आना, मंग घालते." तिच्या आवाजात राग नसायचा, म्हणून ते जास्त लागायचं. माझा मात्र दादांवर राग होता, अजून आहे. त्यांनी हयगय केली असती तर तो राग सोपा झाला असता. तेवढ्या मायेनं माझे पाय पुन्हा कुणी धरले नाहीत.

आई गेली तेव्हा दादा पार वाकले होते. तिला अंघोळ घातली, हळदकुंकू लावलं. दादा देव्हाऱ्यातून माळ घेऊन आले आणि तिच्या गळ्यात घालायला गेले. जमलेल्या बायकांनी तिचं डोकं उचलून धरलं.

मी दादांचा हात धरला.

"डोळा आला न्हाई, दादा," मी म्हणाले.

त्यांनी माळ मुठीत मिटली आणि बायकांना खुणेनं सांगितलं, डोकं खाली ठेवा.