पाणी बघणारे मामू

मामू गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नसत. दुकानात कुणी शिरलं की त्यांची नजर आधी हाताकडे जायची. हातात पाण्याची बाटली नसेल तर ते पुन्हा काचा पुसायला लागत. "पैले घरचं पाणी लाव बेटा," एवढंच म्हणायचे, "मंग मासा बघू."

उस्मानपुऱ्यातल्या एका बोळात त्यांचं बिनपाटीचं दुकान होतं. दोन्ही भिंतींना रंगीत माशांच्या टाक्या आणि समोर एका लांब फळीवर लोणच्याच्या काचेच्या बरण्या. प्रत्येक बरणीत एकेका घरचं पाणी, वर चिकटपट्टीवर लिहिलेलं नाव, आणि आत एक गप्पी मासा. आठ दिवस बरणी फळीवर राहायची. मग मामू सांगायचे, तुमच्याकडे मासा जगेल का, आणि जगला तर कुठला. आमच्या शहरात नळाला पाणी येतं आठवड्याने, कधी त्याहूनही उशिरा. साठवलेल्या पाण्यावर मासा तगतो का एवढंच ते बघत असतील, असं मला आधी वाटलं होतं.

मला मासे हवे होते ते बाबांसाठी. आई गेली त्याला चार महिने झाले होते. ती गेली त्याच्या दोन दिवस आधी पाणी आलं होतं आणि नेहमीसारखं तिने स्वयंपाकघरातलं स्टीलचं पिंप काठोकाठ भरून ठेवलं होतं. पुढच्या खेपेला शिळं पाणी ओतून पिंप घासायची आमच्या घरची पद्धत. बाबांनी ते ओतू दिलं नाही. पिंपाशेजारी स्टूल टाकून, झाकणावर हात ठेवून ते दिवसभर बसून राहायचे. मी झाकणाला हात लावला की अंगावर धावून यायचे. एरवी बोलणं बंद, जेवण दोन घास. असेच बसून बसून एक दिवस बाबाही जातील, या भीतीने मी पार हैराण झाले होते. त्या पिंपावरून त्यांची नजर हलावी म्हणून मला मासे पाहिजे होते, चांगले भडक, डोळ्यांत भरणारे.

तर मामूंनी पाणी मागितलं. आता मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात पाणी तपासायचंच काम करते. हा म्हातारा मला पाणी काय शिकवणार, अशी माझी ऐट. शिवाय पाणी यायच्या आदला दिवस, घरात बादलीचा तळ दिसत होता. मी कारखान्यातलं गाळलेलं, शुद्ध केलेलं पाणी बाटलीत भरून नेलं. दुसऱ्याच दिवशी मामूंनी ती बाटली माझ्यासमोर ठेवली.

"हे पाणी घरचं नाय," ते म्हणाले. "ह्या पाण्यात कुणी राहत नाय बेटा."

मी खजील झाले, आणि जरा चरकलेही. इतक्या शुद्ध पाण्यात मासा गळपटतो, यामागचं कारण मला ठाऊक होतं; पण कारण ठाऊक असून अंगावर काटा आला तो आलाच. घरी येऊन मी बाबांच्या हातात बाटली दिली, "भरून ठेवा" म्हटलं आणि कामाला गेले.

त्या आठ दिवसांत मी रोज दुकानात डोकवायचे. मोबाईलवर गुलाबी, पोपटी, झगमगणाऱ्या माशांचे फोटो दाखवायचे. मामू मान फिरवायचे. "सुई टोचून रंग भरत्यात ह्यांच्यात. रंग दिसतो, मासा नाय दिसत." आमच्या कॉलनीतले बँकेतले एक साहेब तेव्हाच बरणी बघायला आले होते. त्यांच्या बरणीतला गप्पी भिंतीकडे तोंड करून उभा होता. मामूंनी बरणी फिरवली. मासा संथपणे वळला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आत्ता नको साहेब," मामू म्हणाले. "घर हलतंय तुमचं."

साहेब चिडून निघून गेले. दोन महिन्यांनी त्यांच्या दारात टेंपो उभा दिसला. बायको मुलांना घेऊन माहेरी निघाली होती आणि साहेब पायरीवर एकटेच बसले होते.

आठव्या दिवशी मामूंनी आमची बरणी उघडली. मासा ठणठणीत होता. त्यांनी करंगळी बुडवली, नाकाशी नेली.

"लई जुनं पाणी हाय हे. कुणी तरी धरून ठेवलंय. भरलं कुणी होतं?"

आईबद्दल मी त्यांना एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी तशीच घरी आले आणि बाबांना विचारलं, "बाटली कुठून भरली?" त्यांनी पिंपाकडे बोट दाखवलं. मग चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "माशाला तिच्या हातचं द्यावंसं वाटलं."

दुसऱ्या दिवशी मामू आपल्या जुनाट लुनावर काचेची दोन फुटी टाकी बांधून घरी आले. पिशवीत सहा मासे होते, बोटाएवढे, आणि चक्क आरपार. काटे मोजून घ्यावेत. त्यांच्यामागची भिंतीवरची खुंटीसुद्धा दिसत होती.

"मी रंगीत मागितले होते," मी म्हटलं.

"ऊन येऊ दे. रंग उन्हात असतो." जरा थांबून ते म्हणाले, "जिता असतोवर हा दिसत नाय. मेला की पांढराफेक होतो, मंग दिसतो."

हे ऐकून बाबांनी मान वर केली. मामू त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. पिंपातलं पाणी टाकीत घालू या म्हणताच बाबांनी झाकण घट्ट दाबून धरलं. "संपेल ते," म्हणाले. मामूंनी हात जोडले. "नाय संपत साहेब. ह्या टाकीचं सगळं पाणी कधीच बदलत नसत्यात. पाव हिस्सा काढायचा, पाव हिस्सा नवा घालायचा. जुनं थोडं राहतंच आत."

बाबा उठले. तांब्या तांब्या करत त्यांनी स्वतः पिंप रिकामं केलं. तासभर लागला, आणि त्या तासभर मी ओट्याला टेकून रडत होते. संध्याकाळी टाकीवर तिरपं ऊन आलं आणि त्या सहा काचेसारख्या माशांमधून निळा-जांभळा रंग सळसळला. बाबा त्या रात्री पोटभर जेवले.

पुढे दोन वर्षं, दर पाण्याच्या दिवशी दुपारी मामू यायचे. पाव हिस्सा पाणी बदलायचे आणि चहा प्यायचे. "साखर कमी," हे न चुकता. ते मासे सदा एकाच दिशेला तोंड करून स्थिर उभे असत, फिल्टरच्या धारेकडे. पण मामू यायचे असले की बेल वाजण्याआधीच सहाच्या सहा दाराकडे वळतात, असं बाबा सांगायचे. मी म्हणायचे, "लुनाची थरथर कळते त्यांना, बाबा." बाबा नुसतं हसायचे.

गेल्या थंडीत दुकानात गेले तर फळीवर एक बिननावाची बरणी होती. आतला गप्पी भिंतीकडे तोंड करून उभा. मी हळूच बरणी फिरवली. तो वळला, पुन्हा भिंतीकडे.

"कुणाची ही?" मी विचारलं.

"आपलीच," मामू म्हणाले आणि काच पुसत राहिले. डॉक्टरकडे चला म्हणून मी खूप भांडले. "जाऊन आलो," म्हणाले. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, अगदी निरखून. मला ते सहन झालं नाही.

मामू गेले ते आम्हाला उशिरा कळलं. त्यांची लेक भर दुपारी घरी आली, हातात पाण्याची बाटली. "अब्बांनी सांगून ठेवलं होतं, हे साहेबांच्या टाकीत टाका म्हणून." ती फार वेळ थांबली नाही. बाबांनी तांब्याभर पाणी टाकीतून काढलं, बाटली हळूहळू आत रिकामी केली, आणि आम्ही दोघं समोर बसून राहिलो.

थोड्या वेळाने मासे वळले. सहाच्या सहा, दाराकडे. मी उठून फिल्टर तपासला, तो चालू होता. गल्लीत डोकावले, तिथं चिटपाखरू नव्हतं. मला भीती वाटली, खरंच वाटली, आणि त्याच वेळी कुठे तरी बरंही वाटलं.

बाबा उठले. त्यांनी दार उघडलं, जरा बाजूला सरकून उभे राहिले आणि तसंच उघडं ठेवून आत आले.

"चहा टाक," ते म्हणाले.

मी तीन कप टाकला. साखर कमी घातली.